पाचवी ओळ

मंगळवार, ४ फेब्रुवारी

तिसऱ्यांदा नाकात पाणी गेलं तेव्हा मी सरळ उभा राहिलो. पाणी कमरेइतकंच होतं.

"बाबा, बसा," मुलगी म्हणाली. "उभं राहून मास्क रिकामा करायचा असता तर मी शिकवण्यासारखं काय उरलं असतं?"

पुन्हा गुडघ्यांवर बसलो. वाळू बारीक आहे, टोचत नाही. टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर दातांत धरायचा, मास्कमध्ये मुद्दाम पाणी येऊ द्यायचं, मग वरची कड कपाळाशी दाबून नाकाने श्वास सोडायचा. पाणी खालच्या फटीतून निघून जातं. निदान जातं असं म्हणतात. माझं नाकात जातं.

नावाडी नावेच्या काठावर पाय सोडून बघत होता. "काका, शिंकरा बिनधास्त," तो ओरडला. "समुद्र मोठा आहे, कुणी नावं ठेवणार नाही."

सहाव्या खेपेला जमलं. तिने अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला. म्हणजे ठीक. मीही खुशीत अंगठा वर केला. तिने लगेच दंड धरून मला उभं केलं.

"काय होतंय?"

"काही नाही. छान, असं म्हणालो."

"अंगठा म्हणजे वर चला. संपलं. का, म्हणून कुणी विचारायचं नाही, सगळे वर जातात. छान असेल तर हा गोल."

"आणि आपल्या भाषेत अंगठा दाखवणं म्हणजे नाही म्हणणं."

"तेही तुम्ही पुष्कळदा दाखवलंय," ती म्हणाली आणि टाकी उचलायला वळली.

काय म्हणायचं होतं कळलं नाही. थट्टा असावी.

एकसष्टाव्या वर्षी हे का करतोय ते लिहून ठेवतो. तिची बुडी शिकवायची शाळा आहे. शिकाऊंसाठी तिने मराठीत पुस्तिका लिहिली आहे आणि ती आता छापायची आहे. मी छापखान्यात सदतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. तपासून द्याल का, असं तिने फोनवर विचारलं. टपालाने पाठव म्हटलं. पाण्यात न उतरता तुम्हाला त्यातलं काय कळणार, असं ती म्हणाली. शेजारून बायकोने मला हाताने खूण केली: जा.

हिचं कारण वेगळं आहे. ते माझ्या बॅगेत, शब्दकोशाच्या पानांत आहे. मुलीला निवांत गाठून बोलायचं असं ठरवून आलो. पाण्याखाली बोलता येत नाही हे निघताना लक्षात आलं नव्हतं.

बुधवार, ५

शाळा म्हणजे दोन खोल्या. खालच्या खोलीत टाक्या भिंतीला लावून उभ्या, प्रत्येकीच्या मानेवर खडूने तारीख. हवा भरायचं यंत्र दाराशी. ते चालू असताना बोलता येत नाही, आणि ते बहुधा चालूच असतं. वरच्या खोलीत एक टेबल, दोन खाटा, एक खिडकी. खिडकीत नेहमी काहीतरी वाळत असतं, त्यामुळे समुद्र दिसत नाही.

पुस्तिका चौसष्ट पानांची आहे. भाषा बरी आहे. वाक्यं छोटी. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका माझ्या मुलीला शोभत नाहीत, पण त्या पहिल्यापासूनच्या आहेत. "पाण्याखाली श्वास कधीही रोखू नका" हे वाक्य चार पानांवर चार वेळा आलंय. तीन ठिकाणी काट मारली.

ती खांद्यावरून वाकून बघत होती. "हे का काढलं?"

"पुनरुक्ती."

"असू दे पुनरुक्ती. लोक एक पान वाचतात आणि तीन उडवतात. कुठलं वाचतील ते सांगता येत नाही."

मग तिने समजावून सांगितलं. खाली छातीत भरलेली हवा वर येताना फुगते. श्वास रोखून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं. त्यासाठी फार खोल जावं लागत नाही, पाच मीटरही पुरतात. म्हणून श्वास चालू ठेवायचा, कायम, काहीही झालं तरी.

"काट मारलेलं परत हवं असेल तर तुमच्यात काय करतात?" तिने विचारलं.

दाखवलं. खोडलेल्या शब्दांखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, "राहू द्या". तिने माझी लाल लेखणी घेतली आणि तिन्ही ठिकाणी टिंबं दिली. समासात "राहूद्या" असं जोडून लिहिलं. ते मी तोडून दिलं.

शब्दकोशातल्या पत्राबद्दल. हिची मामेबहीण एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. विज्ञान शिकवायची जागा मुलीसाठी धरून ठेवली आहे. संमतिपत्रावर सही होऊन ते वीस तारखेपर्यंत पोचायला हवं. चार वर्षं ही मुलगी एका टाकीच्या भरवशावर पाण्याखाली आहे आणि चार वर्षं तिच्या आईला झोप नाही. मलाही फार आहे असं नाही.

आज चहाच्या वेळी पत्र काढणार होतो. ती टाक्यांच्या तोंडांवरच्या रबरी कड्या तपासत होती, एकेक कडी उजेडाकडे धरून. म्हटलं, थोडा दम धरावा.

शुक्रवार, ७

ती "रीफ" लिहिते. मी "प्रवाळभिंत" केलं. नावाड्याला विचारलं, तुम्ही काय म्हणता? म्हणाला, "दगड."

"अहो, पण तो जिवंत असतो."

"मग जिवंत दगड. काका, तुम्ही म्हणाल ते. नाव मात्र मी दगडावरच नेणार."

सत्तावन्नाव्या पानावर पाटीची वाक्यं आहेत. पाण्याखाली खुणा पुरत नाहीत तेव्हा शिक्षक प्लास्टिकची पाटी पुढे करतो आणि आठ ओळींपैकी हवी त्या ओळीवर बोट ठेवतो. हवा दाखवा. माझ्या मागे या. कशालाही हात लावू नका. अशी आठ. पाचवी ओळ तिने लिहिली होती, "इथेच थांबा." ही रहदारीच्या पोलिसाची भाषा झाली. घाबरलेल्या माणसाशी असं बोलतात का? खोडून "दम धरा" केलं. दोनच शब्द, घरगुती, आणि त्यात धीर आहे. या पुस्तिकेतली माझी सगळ्यांत चांगली दुरुस्ती.

तिने ती ओळ दोनदा वाचली.

"बरोबर नाही का?"

"तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार," ती म्हणाली. मग हसून म्हणाली, "तुमचाच शब्द." सबंध पाटी तिने पुसली आणि आठही ओळी नव्याने लिहिल्या, पक्क्या शाईने. अक्षर चांगलं आहे तिचं. ते माझ्याकडून आलं.

शनिवार, ८

पहिली बुडी. सहा मीटर, एकवीस मिनिटं.

नावेच्या कडेवरून मागच्या मागे पडायचं असतं. मास्कवर एक हात ठेवून मी बसलो होतो आणि पडत नव्हतो. नावाडी म्हणाला, "काका, ढकलायचं काम माझ्याकडे नाही, पण हौस आहे." पडलो.

खाली शांतता असेल असं वाटलं होतं. तशी ती नाही. तव्यावर मीठ टाकल्यासारखं बारीक तडतडणं चालू असतं. आणि स्वतःचा श्वास इतका मोठा ऐकू येतो की शेजारी कुणी झोपलंय असं वाटतं. पाणी कोमट आहे. दगड पिवळा, जांभळा, हाडाच्या रंगाचा. एक निळा मासा दातांनी दगड कुरतडत होता आणि त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. कुरतडून झाल्यावर त्याने मागून पांढरी भुकटी सोडली. वर आल्यावर मुलगी म्हणाली, "किनाऱ्यावर तुम्ही ज्या वाळूवर बसता ना बाबा, तिच्यात ही पुष्कळ असते." तेव्हापासून बसताना जरा विचार करतो.

खाली ती वेगळीच दिसते. घरात दारांना धडकत चालणारी मुलगी. इथे कशालाच लागत नाही.

सोमवार, १०

दुसरी बुडी, नऊ मीटर. मास्क खाली काढून पुन्हा घातला. एकदाच नाकात पाणी गेलं. चार बुड्या नीट झाल्या की मी शिकलो असं धरतात.

हिचा फोन आला.

"अहो, बोललात का?"

"बोलतो."

"आठवडा झाला. आणि पाण्यात उतरताय म्हणे तुम्ही. आंघोळीला तीनदा हाक मारावी लागते तुम्हाला."

"शिकल्याशिवाय तपासता येत नाही."

"तपासायला नाही पाठवलं मी तुम्हाला. तिला आणा."

आणीन म्हणालो. मुलगी जिन्यात ओले कपडे झटकत होती. काही ऐकलं नसावं.

मंगळवार, ११

हात चालतो आहे. डॉक्टरबाईंनी पडून राहा म्हटलंय, लिहू नका असं म्हटलेलं नाही.

आज बारा मीटर होतो. सगळं ठीक झालं. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात, अंगात मुरलेला वायू सावकाश निघून जावा म्हणून. वर तरंगणाऱ्या बोयाचा दोर धरून थांबलो. वर नावेचं पोट दिसत होतं, हात लांबवला तर लागेल असं. मला लघवीला लागली होती. मी वर बोट केलं. अंगठा नव्हे, बोट, म्हणजे आता जाऊ या का. तिने मान हलवली आणि पाटी पुढे केली. पाचव्या ओळीवर बोट ठेवलं.

दम हा शब्द दिसला. धरा हा शब्द दिसला. मी धरला.

छातीभर घेऊन धरला. छाती भरल्यावर माणूस हलका होतो हे मी स्वतः एकोणिसाव्या पानावर तपासलं होतं. दोर हातातून कधी सुटला ते आठवत नाही. वर जाऊ लागलो, आधी हळू, मग हळू नाही. छातीला आतून कुणीतरी ढकलत होतं. मी आणखी घट्ट धरला. तसंच लिहिलं होतं.

पायाला हिसका बसला. तिने माझी पोटरी धरली होती. मग ती माझ्या तोंडासमोर आली. मास्कमागे तिचे डोळे खूप मोठे दिसत होते. तिने माझ्या पोटात गुद्दा मारला.

माझ्या मुलीने, माझ्या पोटात.

सगळी हवा एकदम बाहेर आली. बुडबुड्यांत ती दिसेनाशी झाली. हात मात्र सोडला नाही.

वर आल्यावर नावाड्याने मला ओढून घेतलं आणि तोंडावर प्राणवायूचा मास्क लावला. मग माझ्या कानाशी ओरडला, "काका, 'ऊर्जा' मधला ऊ ऱ्हस्व की दीर्घ?"

"दीर्घ," मी म्हणालो.

"ताई, डोकं शाबूत आहे!" थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, खरंच दीर्घ असतो का.

मुलगी माझी नाडी मोजत होती. तीनदा पहिल्यापासून मोजली.

दवाखान्यात छातीची चित्रं काढली. डॉक्टरबाईंनी ती उजेडावर धरून बराच वेळ पाहिली. "फुप्फुसं ठीक आहेत. उद्यापर्यंत इथेच राहा. पोटावर मात्र निळं होणार. कुणी मारलं?"

"मुलीने."

"चांगलं मारलं," त्या म्हणाल्या.

बुधवार, १२

दुपारी घरी सोडलं. आठवड्याने पुन्हा दाखवायचं, तोवर पाण्यात पाय नाही.

मी खाटेवर, ती टेबलाशी. पुढच्या सोमवारी चौघे शिकाऊ यायचे होते. तिने चौघांना एकामागून एक फोन केले. प्रत्येकाला तेच वाक्य, शाळा बंद करते आहे. का विचारलं तर, माझ्याकडून चूक झाली. मग खाली जाऊन दारावरचा शाळेच्या नावाचा फळा उतरवून आणला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"अगं, मला काही झालेलं नाही."

"श्वास रोखू नका, हे मी चार वेळा छापते. आणि पाण्यात पाटीवर श्वास रोखा असं दाखवते. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर? आणि तुम्ही होतात म्हणून काय कमी आहे का?"

मी पांघरूण नीट केलं.

"पत्र द्या," ती म्हणाली.

"कुठलं?"

"शब्दकोशातलं. 'श' च्या पानांत आहे. पहिल्याच दिवशी मी 'शिकाऊ' बघायला उघडला होता."

दिलं. तिने न वाचता सही केली. मी पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. हिला फोनवर कळवलं तेव्हा ही रडली. "बघा, शेवटी देवाने ऐकलं," असं म्हणाली. पोटाचं काही बोललो नाही.

ज्यासाठी आलो ते झालं. सुटल्यासारखं वाटलं. चहाही चांगला लागला.

शुक्रवार, १४

हे परवाच लिहायला हवं होतं.

पाचवी ओळ माझी आहे. सात तारखेच्या पानावर लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात, वर माझीच पाठ थोपटून. नावेत पडल्या पडल्याच लक्षात आलं होतं. बोललो नाही. ती "माझी चूक" म्हणत राहिली आणि मी ऐकत राहिलो. चारदा फोनवर, एकदा डॉक्टरबाईंना, एकदा नावाड्याला. सहा वेळा.

सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. चूक सापडली की समासात सही करावी लागते, कुणी शोधली ते कळावं म्हणून. आपली चूक असेल तर कुठे सही करायची याचं काही चिन्ह नाही.

न बोलण्याचं कारण साधं आहे. बोललो तर ती राहील.

पाकीट घेऊन आज दोनदा टपालपेटीपर्यंत गेलो. दोन्ही वेळा परत आलो. पेटी चौकातच आहे, दिसत नाही असं म्हणता येणार नाही.

शनिवार, १५

सांगितलं.

ती खाली टाक्या पुसत होती, विकायला काढण्यासाठी. यंत्र बंद होतं, त्यामुळे बोलणं टाळायला कारण नव्हतं. म्हणालो, "पाचवी ओळ मी बदलली होती. तुझी बरोबर होती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. दवाखान्यात तुमचा डोळा लागला तेव्हा घरी येऊन सत्तावन्नावं पान बघितलं. लाल शाई कशी विसरेन?"

"मग माझं नाव का घेतलं नाहीस?"

"पाटीवर अक्षर माझं आहे."

"शब्द माझा आहे."

"तुम्ही पाण्यातले नाही, बाबा. मी आहे. तुम्ही दाखवलंत त्याच क्षणी मला खटकायला हवं होतं. खटकलंच नाही." फडकं पिळून ती पुढे म्हणाली, "तुमच्या तोंडून तो शब्द इतक्यांदा ऐकलाय की आता त्याचा अर्थच ऐकू येत नाही."

"इतका कुठे म्हणायचो मी?"

ती बोटं मोजू लागली. "सायकल पाहिजे, दम धर. पोहायला शिकायचंय, दम धर, थोडी मोठी हो. समुद्राचं शिकायचंय, दम धर, आधी पदवी घे. पदवी घेतली, दम धर, आधी नोकरी बघ."

"वाईट हेतूने नव्हतो म्हणत."

"ते माहीत आहे. म्हणून धरला ना. सव्वीस वर्षं." तिने पुढची टाकी ओढली. "मग सोडला."

तिचे हात भराभर चालले होते, टाक्या एकमेकींवर आपटत होत्या. एक कलंडली. मी पुढे झालो आणि म्हणालो, "अगं, जरा दम—"

आणि थांबलो. तिने वर पाहिलं.

आधी ती हसली. मग मला आवरेना. हसताना पोटावरचं निळं भयंकर दुखत होतं, म्हणून मी पोट धरून हसत होतो आणि ती ते बघून आणखी हसत होती. नावाडी दारात आला, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं, मी नंतर येतो."

हसू ओसरल्यावर तिला गाईची गोष्ट सांगितली. घरात कधी सांगितली नव्हती. छापखान्यात माझं तिसरं वर्ष. गुरांच्या औषधाचं पत्रक होतं. "गाभण गाईला पाजू नये." छापून आलं, "गाभण गाईला पाजून ये." तीन हजार प्रती. मी तपासलेलं होतं, माझी सही होती. गठ्ठे बांधून झाले होते, सुदैवाने बाहेर गेले नव्हते.

"मग काढलं तुम्हाला?"

"मालकांनी खळीचं भांडं दिलं. शुद्धिपत्राच्या तीन हजार पट्ट्या मी दोन दिवसांत हाताने चिकटवल्या. ते शेजारी बसून कापत होते. चूक झाली की शुद्धिपत्र लावतात. छापखाना बंद करत नाहीत."

"पाण्यात शुद्धिपत्र कसं लावायचं?"

"माझी चौथी बुडी राहिली आहे," मी म्हणालो.

"नाही."

"डॉक्टरबाई हो म्हणाल्या तर."

"नाही म्हटलं ना."

टाक्या मात्र तिने विकायच्या कोपऱ्यातून पुन्हा भिंतीला लावल्या. जागा अडते म्हणाली.

बुधवार, १९

माझं तिकीट रविवारचं होतं. ते पुढे ढकललं. हिला सांगितलं, डॉक्टरांनी थांबवलंय. ते खरं होतं, पण पोटाचं सगळं सांगावं लागलं. हिने सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तिने मारलं म्हणून तुम्ही वाचलात?"

"हो."

"माझी आहे ती," ही म्हणाली. आवाज रडवेला होता, पण पहिल्या वेळेसारखा नव्हता.

आज पुन्हा छातीची चित्रं. डॉक्टरबाईंनी पायऱ्या चढायला लावल्या, फुगा फुगवायला लावला. मग कागदावर लिहून दिलं, हरकत नाही. मुलीने तो कागद तीनदा वाचला. "सही बरोबर आहे का तीही बघ," मी म्हणालो.

"मी शिकवणार नाही," ती म्हणाली. "तुमची एक बुडी करून देते. एवढंच. नाहीतर तुम्ही जाणार नाही इथून."

तेवढं पुरे.

गुरुवार, २०

आज शेवटची तारीख. पाकीट अजून शब्दकोशातच होतं.

सत्तावन्नावं पान काढलं. पाचव्या ओळीत माझ्या लाल रेघेखाली तिचे शब्द नीट दिसतात, "इथेच थांबा." रहदारीच्या पोलिसाला काय वाटेल ते वाटो. "दम धरा" खोडलं. तिच्या शब्दांखाली एकेक टिंब दिलं. समासात लिहिलं, "राहू द्या." तोडून लिहिलं. शेजारी सही केली.

मग पाटीची आठही वाक्यं स्वच्छ उतरवून द्यायला कोरा कागद शोधू लागलो. तिच्याकडे कोरा कागद कधी नसतो. पाकीट फोडलं. संमतिपत्राची मागची बाजू कोरी होती. त्यावर लिहिली.

ती आली, टेबलाशी उभी राहून पान बघितलं. टिंबांवरून बोट फिरवलं. कागद उचलून आठ ओळी वाचल्या, मग उलटा करून आपली सही बघितली, मग पुन्हा सुलटा केला. कुठली बाजू सुलटी समजायची यावर काही बोलली नाही. पाटी घेतली, पाचवी ओळ घासून काढली आणि नव्याने लिहिली.

"'इथेच' मधला 'थे' नीट दिसत नाही," मी म्हणालो.

"बाबा."

"बरं."

हिचा फोन आला. "तारीख संपली ना आज?"

"संपली."

"मग पाठवलंत का पत्र?"

मुलगी पाटी खिडकीत वाळत घालत होती.

"राहू दे," मी म्हणालो.

पलीकडे हिने कपबशी खाली ठेवली. मग विचारलं, "उद्या उतरणार आहात?"

"हो."

"किती वाजता?"

"सहाला."

"झाल्या झाल्या फोन करा. दोघांनीही." आणि ठेवताना म्हणाली, "तिला म्हणावं, लागेल तर पुन्हा मार."

शुक्रवार, २१

सहा वाजून दहा मिनिटांनी नाव सुटली. वारा नव्हता. बारा मीटर, चौतीस मिनिटं. वर येताना पाच मीटरवर दोर धरला. तिने पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. मी तीन मिनिटं थांबलो, श्वास चालू होता. किनाऱ्याला लागल्यावर ती पुढे गेली; मी आणि नावाडी नाव आवरून आलो तेव्हा फळा दारावर होता. नावाड्याने लावला असं ती म्हणाली, आणि नावाडी माझ्याबरोबर नावेत होता.